हरलेल्या डावाचा कागद

तळोद्याला रेल्वे नाही. बुद्धिबळ स्पर्धेला निघायचे तर पहाटेच्या एस.टी.ने आधी नंदुरबार गाठावे लागते. वर्षानुवर्षे आम्ही हे करीत आलो आणि बहुतेक वेळा हरून परतलो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, तेव्हा एका स्नेह्याने विचारले, ‘मग तुम्ही कशाला खेळता?’

प्रश्न वाङ्मयीनही आहे, कारण ‘हौशी’ हा शब्द आपण समीक्षेतही कमीपणानेच वापरतो. मार्च २०२४ पासून फिडेच्या मानांकनाची किमान मर्यादा १४०० झाली. त्याखालच्या खेळाडूला यादीत आकडाच नाही. स्पर्धेत मात्र त्याला जागा आहे. स्विस पद्धतीत हरणारा बाद होत नाही. पुढच्या फेरीत साधारण त्याच्याइतकेच गुण असलेला कोणी समोर येऊन बसतो. शिवाय दोघांच्याही खेळ्या ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या असतात. आपली घोडचूक आपल्याच अक्षरात नोंदवायची आणि शेवटी खाली सही करायची. इतका प्रामाणिक मजकूर आम्ही अन्यत्र कुठे लिहिल्याचे आठवत नाही. हौशीपणाचे मोल जोखायचे तर ते तिथे जोखावे, यादीत नव्हे.