किल्ली कोणाच्या कमरेला?

कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना १२ नोव्हेंबर २०२४ रोजी आपला राजीनामा जाहीर करावा लागला. जॉन स्माइथ या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांत येणाऱ्या मुलांवर व तरुणांवर केलेल्या अमानुष अत्याचारांची माहिती २०१३ साली वरिष्ठांपर्यंत पोहोचूनही पुरेशी हालचाल झाली नाही, असा ठपका मेकिन अहवालाने ठेवला होता. स्माइथ २०१८ मध्ये खटल्याविनाच मरण पावला. एका मोठ्या व्यक्तीने पद सोडले की लोकक्षोभ ओसरतो; इंग्लंडच्या चर्चमधील तक्रारनिवारणाची यंत्रणा मात्र त्यामुळे बदललेली नाही.

ही यंत्रणा २००३ च्या शिस्तविषयक कायद्याने घडविली. धर्मगुरूविरुद्धची तक्रार त्याच्या बिशपकडे, बिशपविरुद्धची आर्चबिशपकडे. प्राथमिक छाननी करणारा रजिस्ट्रार एरवी बिशपचाच कायदेशीर सल्लागार. तक्रार फेटाळायची, समेट घडवायचा, संमतीने शिक्षा द्यायची की रीतसर तपासाला पाठवायचे, हे बिशपनेच ठरवायचे. फेटाळणीविरुद्ध दाद मागता येते, आणि शेवटच्या न्यायाधिकरणात दोन धर्मगुरूंबरोबर दोन सामान्य सभासद व एक कायदेतज्ज्ञ बसतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथवर नेणाऱ्या दाराची किल्ली बिशपच्या कमरेला असते. बिशप हा आपल्या धर्मगुरूंचा आध्यात्मिक पालक. आरोपीचा पालक आणि तक्रारदाराचा न्यायदाता एकच असेल, तर तो सज्जन असूनही कोणाला तरी अंतर देणारच. खात्याने खात्याचीच चौकशी करावी, या प्रकाराचा अनुभव आपल्याकडील वाचकाला नवा नाही!

पीटर बॉल यांचे प्रकरण याची साक्ष देते. ग्लॉस्टरच्या या बिशपवर आरोप आल्यानंतर लॅम्बेथ राजवाड्यात सात पत्रे आली. पोलिसांकडे गेले एकच, आणि तेही सर्वांत सौम्य. १९९३ मध्ये पोलिसी समज देऊन त्यांना सोडण्यात आले. शिक्षा झाली ती २०१५ साली. दरम्यानच्या बावीस वर्षांची किंमत चर्चच्या कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. ती तक्रारदारांनी भरली. राष्ट्रीय चौकशी आयोगाने २०२० मध्ये मोजले, तेव्हा १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत चर्चमधील ३९० धर्मगुरू व विश्वासाच्या पदांवरील व्यक्ती बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी दोषी ठरल्या होत्या.

या व्यवस्थेत गरीब धर्मगुरूही भरडला जातो. प्रार्थनेची वेळ बदलल्याचा राग आणि गंभीर गैरवर्तन यांना एकच दीर्घ प्रक्रिया लागते. महिनोन्‌महिने तो टांगणीला राहतो, आणि त्याचे राहते घर बहुधा पदाशी बांधलेले असते. किरकोळ गाऱ्हाणी वेगळी काढण्याची नव्या विधेयकातील तरतूद म्हणूनच स्वागतार्ह आहे.

मूळ प्रश्नावर मात्र पाऊल अडखळले. संरक्षणकार्य करणारे सर्व कर्मचारी स्वतंत्र संस्थेकडे द्यावेत, हा पर्याय फेब्रुवारी २०२५ मध्ये जनरल सिनडपुढे होता. सिनडने राष्ट्रीय पातळीवरील बहुतेक संरक्षणकार्य बाहेरच्या संस्थेकडे देण्याचे स्वीकारले आणि धर्मप्रांतांतील कर्मचाऱ्यांचे हस्तांतर पुढील अभ्यासावर सोडले. पगार देणारा धर्मप्रांतच राहिला, तर तपासनीसाने बिशपविरुद्ध कागद लिहिताना कोणाकडे पाहायचे? चर्चचे कायदे पार्लमेंटच्या संमतीवाचून होत नाहीत आणि सव्वीस बिशप लॉर्ड्‌स सभागृहात बसतात. तेव्हा हा विषय चर्चच्या अंतर्गत कारभाराचा आहे, हे उत्तर पार्लमेंटच्या सभासदांनी तरी ऐकून घेऊ नये.