निखळलेल्या चाकाची साक्ष

9 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी बारामतीच्या धावपट्टीवर एका शिकाऊ विमानाला तातडीने उतरावे लागले. टायर नादुरुस्त झाल्याचे ध्यानात आले होते. उतरल्यावर पुढचे चाक निखळले व विमान वाट सोडून बाजूस गेले. वैमानिक सुखरूप राहिला. वृत्तपत्रांत चार ओळी आल्या आणि लोक ती घटना विसरले. आमच्या मते खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

चाळीसगावकरांनी हे दुखणे परक्याचे मानू नये. धुळे, जळगाव व शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. शिकाऊ विमानांची घरघर खानदेशास नवी नाही. 16 जुलै 2021 रोजी शिरपूरचे असेच एक विमान चोपडे तालुक्यात सातपुड्यात कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडला, शिकाऊ वैमानिका जखमी झाली.

लहान विमानाचे पुढचे चाक नाजूक असते. उतरताना भार आधी मागच्या दोन चाकांनी घ्यावयाचा, पुढचे मागाहून अलगद टेकवावयाचे, हा पहिला धडा. शिकाऊ हातून तो चुकणारच. मात्र प्रत्येक जोराचा आपटा नोंदला गेला पाहिजे व पुढील उड्डाणापूर्वी सांगाडा तपासला गेला पाहिजे. एकाने भीतीपोटी लपविलेला आपटा धातूत सूक्ष्म तडा ठेवून जातो, आणि तो तडा दुसऱ्याच कोणाच्या हाती उघडा पडतो. बारामतीस असेच घडले, असे आम्ही म्हणत नाही; ते तपासानेच ठरावे.

अपघातांच्या अन्वेषणासाठी केंद्र सरकारने 2012 साली निराळा विभाग स्थापन केला. दोषी शोधणे हा अशा अन्वेषणाचा हेतू नसून अपघाताची पुनरावृत्ती टाळणे हा आहे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तो पाळावयाचा तर जीवितहानी न झालेल्या घटनांचीही कसून छाननी व्हावी, निष्कर्ष प्रत्येक प्रशिक्षण संस्थेपर्यंत पोहोचावेत, आणि आपली चूक आपण होऊन सांगणाऱ्या विद्यार्थ्यास अभय मिळावे.

एके काळी रेल्वेचा तपासनीस फलाटावर उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारीत जाई. ज्या चाकाचा नाद बद्द येई, ते त्याला गाडी सुटण्यापूर्वीच सापडे. आमच्या जंक्शनाच्या गावास हे शहाणपण निराळे शिकवावे लागत नाही. मनुष्य वाचला म्हणून चौकशी थंडावू देणे म्हणजे तो बद्द नाद ऐकूनही गाडीस हिरवे निशाण दाखविणे होय.