पन्नास गावांची कादंबरी

इतिहासाच्या तासाला मी पुरंदरचा तह शिकवत होतो. जून १६६५, मिर्झाराजे जयसिंह, तेवीस किल्ले. परीक्षेपुरते सांगून झाल्यावर पाठ्यपुस्तकाबाहेरची एक गोष्ट सहज जोडली. तहापूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, दाऊदखान कुरेशीच्या फौजेने रोहिडा किल्ल्याच्या आसमंतातील सुमारे पन्नास गावे जाळली, माणसे व गुरे धरून नेली आणि मग ती राजगडाच्या दिशेने वळली.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या गावांची नावं काय?"

विचारणाऱ्या मुलाचे घर रोहिड्याच्या पायथ्याशी आहे. मला उत्तर देता आले नाही. फौजेच्या हिशेबात गाव म्हणजे एक आकडा असतो.

माझे मत असे की, जिथे इतिहासाचे कागद संपतात तिथे ऐतिहासिक कादंबरीचे कर्तव्य सुरू होते. आणि मराठी कादंबरीने ते पुरते बजावलेले नाही. तिचे माझ्यावर ऋण आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'नेच मला या विषयाकडे वळवले. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये (१९८८) छावणीतली उपासमार येते, हेही मान्य. तरी आपला कादंबरीकार बहुधा तटावर उभा राहूनच खाली पाहतो. गडाच्या घेऱ्यात वस्ती करून रात्रंदिवस पहारा देणारे महार, मांग, रामोशी, आणि त्यांच्या मागे झोपडीत राहिलेली बायकामुले, त्याला क्वचितच दिसतात.

हा दोष दुसऱ्यांचाच आहे असे नाही. कोरेगावच्या स्तंभावरील 'नाक' प्रत्ययाची नावे वाचताना माझाही ऊर भरून येतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, ते याच विस्मृत पराक्रमाची आठवण देण्यासाठी. पण १८१८च्या त्या दिवसानंतर या नावांच्या घरी वार्ता कोणी नेली, चूल कशी पेटली, हे आपल्यापैकी किती जणांनी लिहिले?

अशा लेखनाने वीरांची थोरवी उणावते, असे एक सहकारी म्हणतात. मला तसे वाटत नाही. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात खुद्द शिवाजी महाराजांना चिंता आहे ती रयतेच्या धान्याची, आणि उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेल्यास गवत जळेल याची. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात तर कलिंगचा विजेताच एक लाख मृतांचा व दीड लाख परागंदांचा आकडा देतो आणि तिथे न थांबता, ज्यांना स्वतःला इजा झाली नाही पण ज्यांचे स्नेही संकटात सापडले, त्यांचेही दुःख नोंदवतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून पेटू पाहणाऱ्या युद्धाला त्याने केलेल्या विरोधात दाखवले. आपल्या लेखकांनी यापेक्षा मोठा आधार कोणता शोधायचा?

त्या तासानंतर मी वसतिगृहातील मुलांना एक पान लिहायला सांगितले : फौज येत आहे, घरातून काय उचलाल? कुणी देव लिहिले, कुणी शेळी, एकाने आजीला. रोहिड्याच्या पायथ्याच्या मुलाने लिहिले, "बियाण्याचं भात. आई म्हणते, भूक लागली तरी ते खायचं नसतं."