बारा मुलाखती झाल्या, आता पुरे?

ऊसतोड कामगारांवरचा आणखी एक अहवाल परवा वाचला. पद्धतीच्या पानावर लिहिलंय, 'बारा मुलाखतींनंतर नवीन माहिती येणं थांबलं.' अहो, थांबणारच! शेवटच्या पानावर मुकादमाचे आभार मानलेत, सगळ्या मुलाखती त्यांनी जुळवून दिल्या म्हणून. ज्याच्याकडून उचल घेतलीय, त्यानेच बोलावून बसवलेली बारा माणसं वेगळं काय बोलणार?

हा बाराचा आकडा आला कुठून? २००६ साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० स्त्रियांच्या मुलाखती तपासल्या. बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्नही सगळ्यांना तेच. गट मिश्र असेल तर बारा पुरतीलच असं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडे अट गळाली, आकडा तेवढा उरला. गाइडला सोयीचा, निधी देणाऱ्यांना त्याहून सोयीचा.

पुढे २०१७ मध्ये हेनिंक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुद्दे नऊ मुलाखतींत दिसले, पण ते नीट समजायला १६ ते २४ लागल्या.

आता ऊसतोडीचं बघा. गाडीवानाचं दुखणं वेगळं, डोकी सेंटरवाल्याचं वेगळं. नवरा-बायको मिळून एक कोयता, पण बाई नवऱ्यासमोर बोलते ते एक आणि पाण्याला जाताना बोलते ते दुसरंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. किती, ते पाहणीने सांगितलं. का काढली, कोणाच्या सांगण्यावरून, खाड्याच्या धास्तीने की आणखी कशाने, हे बसून ऐकावं लागतं. मुलाखती असतात त्या यासाठीच!

'शंभर तरी करा, वजन येतं' म्हणणारे सरही भेटतात. मुकादमाने निवडलेले शंभर घेतले तरी तेच ऐकू येणार.

त्यामुळे आकडा नकोच, हिशोब द्या. कोणाला भेटलात, कोणी नाही म्हटलं, मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण बसलं होतं, कुठे थांबलात आणि का.

कारण याच अहवालात एक वाक्य आहे: 'महिलांची विशेष तक्रार आढळली नाही.' उद्या योजना ठरवायच्या बैठकीत कोणीतरी नेमकं तेच वाचून दाखवणार.