कर्ता नसलेली वाक्ये

8 मे 2025च्या रात्री नागपुरातील बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच उशिरापर्यंत चालू होते. आमच्याकडेही होता. पुढ्यात पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, कूलरचा आवाज होता आणि त्या आवाजावर मात करणारा भोंगा होता. भोंगा रस्त्यावरचा नव्हता, वृत्तवाहिनीच्या स्टुडिओतला होता. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले, असे त्या रात्री सांगण्यात आले. शेजारी देशाच्या राजधानीत आपले सैन्य शिरले, असेही सांगण्यात आले. तिथल्या लष्करप्रमुखांना पदच्युत केल्याची वार्ता आली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, यांतले काहीही घडलेले नव्हते हे स्पष्ट झाले. कराचीचे बंदर जागच्या जागी होते.

मूल्यमापन केंद्रावर एका सहकारी प्राध्यापकांनी आदल्या रात्रीच दूरध्वनीवर मला आनंदाने सांगितले होते, "कराची तं गेलं ना सर!" सकाळी मी त्यांना त्याची आठवण करून दिली. ते हसले आणि म्हणाले, "युद्ध हाय सर, थोडं इकडंतिकडं होनारच." हे गृहस्थ मराठी शिकवतात. विद्यार्थ्याने एखाद्या कवितेचे वर्ष चुकवले, तर अर्धा गुण कापतात. त्यांच्या हसण्याने मला जे अस्वस्थ केले, त्याचा हा लेख आहे.

प्रारंभीच स्पष्ट करतो की पहलगाम येथे 22 एप्रिल 2025 रोजी झालेल्या हत्याकांडाबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात कोणतेही 'पण' नाही. निरपराध पर्यटकांना ठार मारणाऱ्यांचा आणि त्यांना पोसणाऱ्यांचा बंदोबस्त करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्यच आहे. माझा मुद्दा राज्यसंस्थेशी नाही. तो भाषेशी आहे, आणि म्हणून तो तुमच्या-माझ्या धंद्याशी आहे.

*

त्या रात्रीच्या वाक्यांची रचना पाहा. 'असे समजते', 'असे वृत्त आहे', 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'सांगण्यात येत आहे'. कोणाला समजते? कोण सांगत आहे? या वाक्यांना कर्ता नाही. संस्कृत नाटकातला सूत्रधार निदान रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना तोंड दाखवतो. ही 'सूत्रे' कधीच पुढे येत नाहीत. कर्ता नसला की जबाबदारी नसते. विधान खोटे ठरले तरी कोणी खोटे बोलले असे होत नाही. केवळ 'समजले' ते चुकीचे होते, एवढेच उरते. व्याकरणातली ही सोय चोवीस तासांच्या वाहिन्यांनी व्यवसायाची पद्धत म्हणून स्वीकारली आहे.

हे केवळ हसण्यावारी नेण्याचे प्रकरण नाही. 7 मे रोजी जम्मूतील पूंछ येथे पाकिस्तानी तोफमाऱ्यात तिथल्या मदरशात शिकवणारा एक शिक्षक मारला गेला. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्याचे छायाचित्र दाखवून तो दहशतवादी असल्याचे आणि भारतीय कारवाईत ठार झाल्याचे सांगितले. पूंछच्या पोलिसांना निवेदन काढून त्याचे खंडन करावे लागले. शत्रूच्या तोफेने मारलेला भारतीय नागरिक, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर दुसरा घाव घातला तो आपल्याच निवेदकांनी. 'थोडं इकडंतिकडं' म्हणतात ते हे.

भोंग्याचेही तसेच. हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा हा नागरी संरक्षणाच्या शब्दकोशातला एक शब्दच आहे. त्याचा अर्थ एकच, 'आता आडोसा गाठा'. हे शास्त्र शिकवणारी संस्था 1957 साली याच नागपुरात सुरू झाली आणि पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून देशभर ओळखली गेली. तोच भोंगा वाहिन्यांनी पार्श्वसंगीत म्हणून इतका वाजवला की 10 मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी संरक्षण महासंचालनालयाला, कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, असे कळवावे लागले. कारण साधे होते. लोकांना त्या आवाजाची सवय झाली, तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कोणी उठणार नाही. वापराने शब्द झिजतात हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो. शब्द झिजल्याने माणसे मरू शकतात, हे सरकारी सूचनापत्राने शिकवले.

*

आता दुसऱ्या प्रकारच्या भाषेकडे वळू. तिचे उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे.

नौदलातील माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना 3 मार्च 2016 रोजी आपल्या भूमीवर अटक केल्याचे पाकिस्तानने जाहीर केले. इराणमध्ये व्यवसाय करीत असताना त्यांना पळवून नेण्यात आले, अशी भारताची भूमिका आहे. भारताला अटकेची माहिती दिली गेली ती 25 मार्चला. त्यानंतर चारच दिवसांत त्यांच्या 'कबुलीजबाबा'ची चित्रफीत प्रसारित झाली. पुरावा न्यायालयात जाण्याआधी पडद्यावर गेला. 10 एप्रिल 2017 रोजी लष्करी न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारताने 8 मे रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि दहाच दिवसांत, 18 मे रोजी, अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नये असा आदेश मिळवला.

भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपुरात वाढले, इथेच शिकले. त्यांनी त्या कामाचा मोबदला म्हणून एक रुपया घेतला, ही गोष्ट या शहरात रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना पाठ आहे. परंतु त्यांनी मांडले काय, हे विचारा. मी गेली काही वर्षे वर्गात विचारतो. एक रुपया सर्वांना ठाऊक असतो. व्हिएन्ना करारातले कलम 36 एकाही हाताला वर आणत नाही.

ते कलम आहे तरी काय? 1963च्या वाणिज्यदूत संबंधविषयक व्हिएन्ना करारानुसार परक्या देशात अटक झालेल्या माणसाला त्याचा हक्क विनाविलंब सांगावा लागतो. त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतांना त्याला भेटता येते, त्याच्याशी बोलता येते, त्याच्यासाठी वकील उभा करता येतो. हेरगिरीचा आरोप असलेल्याला हा हक्क नाही, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने तो 15 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला. कलमात असा अपवाद लिहिलेला नाही, म्हणून तो नाही. शब्द काय म्हणतो ते पाहा, तुम्हाला हवे ते त्यात वाचू नका. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला संहितावाचनाचा पाठ मिळणार नाही.

त्या निकालाच्या वाक्यांना कर्ता होता. कोणी कळवले नाही, कोणाला कळवले नाही, किती दिवस, कोणत्या बंधनाचा भंग झाला, हे सर्व नाव घेऊन लिहिलेले होते. आपल्या वाहिन्यांनी त्याचे काय केले? 'भारताचा विजय', 'पाकिस्तान चारी मुंड्या चीत'. क्रिकेटच्या सामन्याची भाषा. भारताने शिक्षा रद्द करण्याची आणि जाधव यांच्या सुटकेची मागणी केली होती, ती न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी स्थगित ठेवा, एवढेच सांगितले. पडद्यावरच्या जल्लोषात हा भाग वाहून गेला. परिणाम असा की ते केव्हाच सुटून आले, असे मानणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. निकालानंतर इतकी वर्षे लोटली तरी ते परत आलेले नाहीत. विजय साजरा झाला आणि माणूस विसरला गेला.

*

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्या न्यायालयाजवळ शिपाई नाही त्याच्या निकालाला किंमत काय? आक्षेप पोकळ नाही. जर्मन नागरिक वॉल्टर लाग्रांड याची शिक्षा थांबवावी असा आदेश याच न्यायालयाने 3 मार्च 1999 रोजी दिला आणि त्याच दिवशी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याने त्याला मृत्युदंड दिला. मेक्सिकोच्या नागरिकांबाबत 2004 मध्ये दिलेल्या निकालानंतरही 2008 साली टेक्सासने त्यांतल्या एकाला मारले. कलम तेच, 36वे. बलवान देशाने कायदा पायाखाली घातला.

पण हीच उदाहरणे उलटीही वाचता येतात. 'लाग्रांड' आणि मेक्सिकोच्या निकालांतच जाधव प्रकरणाचा पाया आहे. न्यायालयाचे तात्पुरते आदेश बंधनकारक असतात, हे 2001च्या 'लाग्रांड' निकालाने ठरवले. फेरविचाराचा उपायही तिथूनच आला. मेलेल्या माणसाच्या खटल्याने जिवंत माणसाचा गळा वाचवला. फाशी अमलात आलेली नाही, ती कोणत्याही निवेदकाच्या गर्जनेमुळे नाही. ती रुक्ष, कंटाळवाण्या, परिच्छेदांना क्रमांक दिलेल्या एका कागदामुळे.

खरा दोष वेगळा आहे, आणि तो आपला आहे. आपल्याला हा कायदा सोयीपुरता हवा असतो. 10 ऑगस्ट 1999 रोजी भारताने कच्छच्या परिसरात पाकिस्तानी नौदलाचे विमान पाडले, तेव्हा पाकिस्तान हेगला गेला. न्यायालयाला अधिकारच नाही, असे आपण म्हणालो आणि 21 जून 2000 रोजी ते मान्यही झाले. ती कायदेशीर भूमिका होती, तिच्यात गैर काही नव्हते. परंतु तेव्हा न्यायालयाला 'परकी ढवळाढवळ' म्हणणारे लोक 2017 साली त्याच न्यायालयाच्या नावाने पेढे वाटत होते. आणि 26 जानेवारी 2024 रोजी त्याच न्यायालयाने, त्याच प्रकारच्या तात्पुरत्या आदेशाने, गाझातील लोकांना संहारापासून संरक्षण द्यावे असे इस्रायलला सांगितले (बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते), तेव्हा आमच्या ओळखीच्या वर्तुळात पुन्हा 'दात नसलेले न्यायालय' हा विनोद सुरू झाला. जाधवांसाठी दात असलेले न्यायालय गाझासाठी बोळके कसे होते?

मराठी माणसाने तरी असे बोलू नये. 1954 साली दादरा आणि नगर हवेली मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या मुक्तीविरुद्ध पोर्तुगाल 1955 मध्ये याच न्यायालयात गेला होता आणि भारताने चार वर्षांहून अधिक काळ तिथे नेटाने बाजू लढवली, हे सांगत नाही. 12 एप्रिल 1960च्या निकालाने पोर्तुगालच्या सैन्याला आणि शस्त्रांना आपल्या भूमीतून वाट मिळण्याचा हक्क नाकारला. धाडस जितके आपले, तितकाच तो कागदही आपला.

*

शेवटी एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. 25 डिसेंबर 2017 रोजी इस्लामाबादेत जाधव यांची आई आणि पत्नी त्यांना भेटल्या. मध्ये काच होती, बोलणे यंत्रातून होते. दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या, टिकल्या उतरवून घेतल्या होत्या. बाहेर त्या देशाच्या पत्रकारांनी त्यांना गाठून टोचणारे प्रश्न विचारले. वाहिन्यांची हिंस्रता सीमेच्या एकाच बाजूला नाही. आणि आत, आई मुलाशी मराठीत बोलू लागली, तेव्हा तिला वारंवार अडवण्यात आले, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले.

आई मुलाशी मराठीत बोलते, हे एका राज्यसंस्थेला धोकादायक वाटले. मराठी भाषा दिनाला आपण किती भाषणे करतो, अभिजात दर्जासाठी किती निवेदने दिली! या एका घटनेवर मराठी विभागांत किती चर्चा झाल्या? त्या आठवड्यात पडद्यावर बदल्याच्या घोषणा होत्या. त्या आईला काय बोलायचे होते, हा प्रश्न कोणाच्या चौकटीत बसला नाही. तो प्रश्न बसतो तो त्या नीरस कलम 36च्या चौकटीत. कैदेत पडलेल्या माणसाला त्याचे म्हणणे समजणारे, त्याच्या बाजूचे कोणीतरी भेटले पाहिजे, एवढेच ते कलम म्हणते.

त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांना माझे म्हणणे साधे आहे. आपल्याला युद्ध थांबवता येणार नाही, वाहिनी बंद करता येणार नाही. वाक्याचा कर्ता शोधायला शिकवणे मात्र येते. त्याचाच आपल्याला पगार मिळतो. पुढच्या वेळी 'असे समजते' ऐकू आले की वर्गात विचारावे, कोणाला समजते? आणि कराची गेले असे कोणी सांगितले, तर हसण्याआधी विचारावे, कोण सांगते? युद्धकाळात व्याकरण तपासू नये, असे मला सांगण्यात आले आहे. कोणी सांगितले ते मी वर लिहिले आहे. अर्धा गुण त्यांचा कापतो, आणि त्या रात्री दूरध्वनीवर गप्प राहिलो म्हणून अर्धा माझाही.