गाणे अर्ध्यावर तोडणारे माहितीपट

मुख्य प्रवाहाबाहेरच्या गायक-वादकांवर निघणाऱ्या माहितीपटांविषयी रसिकांत आणि समीक्षकांत एक समज रूढ झालेला आहे. असा कलावंत जगाला अज्ञात असतो, दिग्दर्शक त्याला शोधून काढतो, चित्रपटामुळे त्याला प्रथमच श्रोता लाभतो आणि त्याची कला नष्ट होण्यापासून वाचते, असे या समजाचे स्वरूप आहे. तो मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतील पंक आणि पंकोत्तर संगीतावरच्या चित्रपटांच्या चर्चेतून पसरला. पण धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या गोंधळ्यांचे वा येरमाळ्याच्या यात्रेत देवीची गाणी गाणाऱ्या आराध्यांचे चित्रण करताना जी भाषा वापरली जाते, तिच्यावरही त्याचाच पगडा असतो. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्याच्या आधारे घडणारे चित्रपट कलावंतावर अन्याय करतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा केला पाहिजे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, नभोवाणी आणि प्रतिष्ठित सभागृहे यांच्या आधाराविना स्वतःचा श्रोतृवर्ग उभा करणाऱ्या संगीताला भूमिगत संगीत म्हटले जाते. इंग्लंडमध्ये १९७६-७७ च्या सुमारास पंक या नावाने कर्कश, साध्या आणि बंडखोर गाण्याची लाट आली. तिच्यातून स्फूर्ती घेऊन, पण तिच्या साचेबंदपणाला नकार देऊन, पुढच्या सहा-सात वर्षांत ज्या वाद्यवृंदांनी निराळे प्रयोग केले, त्यांच्या संगीताला पंकोत्तर म्हणतात. छोट्या कंपन्यांच्या तबकड्या, घरी उतरवून घेतलेल्या कॅसेट आणि लहान जागांतले कार्यक्रम हे त्याच्या प्रसाराचे मार्ग होते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर भीमगीतांच्या कॅसेट विकणाऱ्या दुकानांनी जे काम केले, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

आता पूर्वपक्षाचा पहिला आधार, म्हणजे कलावंत अज्ञात असतो हे गृहीतक, तपासून पाहावे. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २०१२ सालचा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा माहितीपट. डेट्रॉईटचा गायक सिक्स्टो रॉड्रिग्ज याने १९७० आणि १९७१ मध्ये दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या अमेरिकेत खपल्या नाहीत, तो मजुरी करू लागला आणि दक्षिण आफ्रिकेतील चाहत्यांनी अखेर त्याला शोधून काढले, अशी या माहितीपटाची कथा असून २०१३ मध्ये चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. परंतु याच गायकाने १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे केले होते आणि तेथे त्याला मोठा श्रोतृवर्ग होता, ही गोष्ट चित्रपटातून वगळण्यात आली. कारण उघड आहे: ती ठेवली असती तर शोधाची कथा ढासळली असती. कलावंताला न्याय देण्यासाठी निघालेल्या चित्रपटाने त्याचे खरे श्रोतेच पुसून टाकावेत, ही बाब किरकोळ मानता येणार नाही.

महाराष्ट्रात याच्या नेमकी उलट दिशा धरणारे उदाहरण आहे, आणि ते जागतिक तोडीचे आहे. शाहीर विलास घोगरे हे मुंबईच्या कामगार वस्त्यांत गाणारे कवी-गायक होते. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. त्या मृत्यूचा मागोवा घेत पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करीत राहिले व त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा प्रदीर्घ माहितीपट साकार झाला. शोधाच्या कथेला येथे थाराच नाही, कारण घोगरे ज्या वस्त्यांत गात होते तेथे ते कोणालाच अज्ञात नव्हते. अज्ञात होते ते वृत्तपत्रे वाचणाऱ्या आणि चित्रपट महोत्सवांना जाणाऱ्या वर्गाला. तेव्हा अज्ञानाचे ओझे कलावंताच्या माथी मारण्याऐवजी ते त्या वर्गाने स्वतःकडे घ्यावे, हे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार असा की, चित्रित झाले म्हणजे जतन झाले. याची कसोटी गोंधळावर घेता येते. तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे त्या घरांत लग्नानंतर गोंधळ घालण्याचा कुलाचार असतो, आणि गोंधळ्यांच्या दोन मुख्य शाखांपैकी कदमराई ही शाखा भवानीशी, तर रेणुराई ही माहूरच्या रेणुकेशी जोडली जाते. उसाच्या वा ज्वारीच्या ताटांची खोपटी उभारून तिच्यात चौक भरला जातो, कलशाची स्थापना होते, दिवटी पेटते आणि मग मुख्य गोंधळी गणाने आरंभ करतो. त्यानंतर तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशा एकेका ठाण्याच्या देवतेला गोंधळाला येण्याचे आवाहन होते. साथीदाराच्या कमरेला बांधलेल्या संबळाच्या दोन वाद्यांपैकी लहानाचा आवाज चढा, मोठ्याचा घुमणारा. एका हातातल्या काडीचे टोक वाकवलेले असते, आणि आवाहन पुढे सरकते तशी लय दाटत जाते. त्याच्यावर तुणतुण्याचा एकच स्वर अखंड चालू राहतो. मग आख्यान लागते, साथीदार मध्येच शंका काढतो, नायक उत्तर देतो, श्रोते हसतात, आणि पहाटे आरती होते. यांतला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो. सगळ्या ठाण्यांच्या देवता आल्यावाचून आख्यानाला अधिकार येत नाही. नवरात्रातील वार्तांकनात यातील दिवटी नाचवण्याचे काही क्षण दिसतात आणि त्यावर निवेदकाचा आवाज चढतो. अशा चित्रणाने गोंधळाची दिवटी जतन होते, गोंधळ होत नाही.

हीच खोड पाश्चात्त्य माहितीपटांतही आहे, आणि तिला जाणकारांच्या मुलाखती म्हणून प्रतिष्ठा मिळालेली आहे. गाणे सुरू होते, दहा-पंधरा सेकंदांत त्याचा आवाज खाली आणला जातो आणि कोणी समीक्षक ते गाणे किती थोर आहे हे सांगू लागतो. थोर असेल तर ते ऐकू का दिले जात नाही, हा प्रश्न प्रेक्षकाने विचारायला हवा. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या वाद्यवृंदाचा गायक इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये आत्महत्या केली, आणि त्यानंतर त्या वृंदाविषयी जे काही लिहिले वा दाखवले गेले त्यातील बराचसा भाग त्या मृत्यूकडे ओढला गेला. घोगरे यांच्या बाबतीत हाच मोह किती सोपा होता! पण ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये गाणी चालू राहतात, गाणाऱ्यांच्या भोवतीचे चेहरे दिसत राहतात, आणि शोकाची जागा त्या गाण्यांतील युक्तिवाद घेतो.

अमेरिकेतील फुगाझी या वाद्यवृंदावर जेम कोहेन यांनी १९८७ पासून अकरा वर्षे चित्रण करून १९९९ मध्ये ‘इन्स्ट्रुमेंट’ हा चित्रपट पूर्ण केला. तोही याच वाटेचा आहे: त्यात निवेदक नाही, आणि सभागृहाबाहेर थांबलेल्या श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा शांतपणे रेंगाळतो. दीर्घ सहवासाशिवाय हे साधत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की, इतक्या जवळिकीने चित्रपट प्रचारकी होतो. पुण्याच्या कबीर कला मंचाचे उदाहरण यासाठी पुढे केले जाते. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभ्या राहिलेल्या या पथकाची गायिका शीतल साठे २०११ मध्ये भूमिगत झाली आणि एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाली. मात्र तिचे गाणे ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये असल्यामुळेच, तिच्यावरच्या नक्षलवादाच्या आरोपाविषयी मत बनवण्यापूर्वी ती नेमके काय गाते हे ऐकण्याची सोय नागरिकांना झाली. आरोप ऐकणे आणि गाणे न ऐकणे याला तटस्थता म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आंबेडकरी विचारवंतांकडून आला: दलित कलावंताची कथा बाहेरच्या, उच्चवर्णीय दिग्दर्शकाने का सांगावी? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, म्हणजे त्याच्याच श्रोत्यांसमोर, दाखवला गेला हे त्याचे अंशतः उत्तर आहे. पूर्ण उत्तर मात्र कॅमेरा कोणाच्या हाती आहे यातच आहे. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर २०१७ मध्ये आणि सहा डिसेंबरच्या चैत्यभूमीवर २०२३ मध्ये जे माहितीपट केले, त्यांत आंबेडकरी समाज स्वतःच्या नजरेने स्वतःचे सोहळे आणि गाणी पाहतो, आणि म्हणूनच तेथे परिचय करून देण्याची घाई जाणवत नाही.

धाराशिवच्या भूमीत हे काम करण्यासारखे पुष्कळ आहे. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली; त्या परिसरातील भीमगीते आणि जलसे यांची परंपरा आजच्या गाणाऱ्यांच्या तोंडून नोंदवता येईल. कळंब तालुक्यातील येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत आराध्यांचे मेळे जमतात. परडी, कवड्यांची माळ आणि बगलेत धरलेले चौंडके यांच्यासह ते गातात, आणि त्यांतील बायकांची नावे क्वचितच कोठे छापली जातात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची जी नोंद ठेवली, ती शिस्त माहितीपटकारांनी उचलली पाहिजे.

रात्रभराचा गोंधळ पडद्यावर संपूर्ण दाखवता येणार नाही, हे खरे आहे. परंतु कापायचेच तर दोन पदांच्या मध्ये कापावे, पदाच्या मध्ये नव्हे. आवाहनाची सारी ठाणी ठेवून आख्यानातील एखादा प्रसंग गाळावा. उरलेले अखंड ध्वनिचित्रमुद्रण दिग्दर्शकाच्या कपाटात न राहता एक प्रत गोंधळ्याच्या घरी द्यावी, म्हणजे त्याच्या मुलाला बापाच्या संबळावरचा हात पुन्हा पुन्हा पाहता येईल, आणि दुसरी तुळजापूरमध्येच असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या परिसरात, अभ्यासकाला मागताक्षणी मिळेल अशी, ठेवण्याची व्यवस्था व्हावी. मानधन किती दिले, चित्रपट विकला गेल्यास त्यात गाणाऱ्याचा वाटा किती, हे चित्रण सुरू होण्यापूर्वी मराठीत लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या आधी गोंधळ्याचे व त्याच्या साथीदारांचे नाव यावे.