पॉश आणि न सापडलेले तिकीट

'पॉश वस्ती', 'पॉश फ्लॅट' असे आपण सर्रास म्हणतो, आणि या शब्दाची एक जन्मकथाही तितक्याच सर्रास ऐकवली जाते. प्रतिपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे : पी अँड ओ कंपनीच्या बोटीने विलायतेहून मुंबईला येणारे धनिक साहेब येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत, कारण तिथे ऊन कमी लागे. या सोयीचे नाव 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. तिकिटावर त्याची आद्याक्षरे पी-ओ-एस-एच छापली जात आणि त्यांतून 'पॉश' तयार झाला. कथेत मुंबई आहे, समुद्र आहे, साहेबी थाट आहे, म्हणून ती गोड वाटते. पण गोडी हा काही पुरावा नव्हे.

माझा मुख्य आक्षेप साधा आहे : ते तिकीट दाखवा. कंपनी 1837 पासूनची. तिच्या बोटींवरून पिढ्यान् पिढ्या अधिकारी, व्यापारी आणि त्यांची कुटुंबे ये-जा करीत होती. त्या काळच्या प्रवाशांनी पत्रे, रोजनिशा, बोटीवरची भोजनपत्रके, सामानावरच्या चिठ्ठ्यासुद्धा जपून ठेवल्या. या साऱ्या पसाऱ्यात ही चार अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. 'कागद नष्ट झाले असतील', असे उत्तर मिळते. बाकीचे कागद टिकावेत आणि नेमके हेच सगळे नाहीसे व्हावेत, हे पटवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे. बरे, तिकिटे गेली असे मानू. मग शब्द तरी सापडायला हवा. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द बारकाईने टिपणारा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश 1886 मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती 1903 मध्ये निघाली. हा शब्द या प्रवाशांच्या तोंडी रुळलेला असता, तर त्याची नोंद तिथे अपेक्षित होती, ती नाही. 'झकपक' या अर्थाचा 'पॉश' छापील इंग्रजीत 1914 मध्ये दिसतो, तो ब्रिटिश सैन्यातल्या कपड्यांच्या संदर्भात, बोटीच्या नव्हे. तिकिटाची कथा छापून येते ती 1930 च्या दशकात. शब्द आधी रुळला आणि त्याचे स्पष्टीकरण मागाहून रचले गेले, हा क्रम एवढ्यावरून स्पष्ट होतो.

उन्हाचा मुद्दाही अर्धाच खरा आहे. तांबड्या समुद्रातून खाली येताना दुपारचे ऊन उजवीकडून येते, आणि हिवाळ्यात अरबी समुद्रातही दक्षिणेचा सूर्य उजवीकडेच असतो. तेवढ्यापुरती डावी बाजू सुखाची. परंतु मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईचा माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणजे बारमाही उत्तम अशी केबिन नव्हतीच. आणि समजा प्रवाशांची तशी आवड होती. आवडीवरून शब्द पडला हे त्याने सिद्ध होत नाही.

आद्याक्षरांचे हे वेड जुने आहे. 'न्यूज' म्हणजे चार दिशा, असे आजही वर्गात शिकवले जाते. वास्तविक तो 'नवे' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. 'गोल्फ'ची फोड 'फक्त पुरुषांसाठी' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे घेऊन केली जाते; तो शब्द 1457 च्या स्कॉटिश कायद्यात आहे. यावर 'ओके'चे काय, असे विचारले जाते. 'ओके' खरोखरच आद्याक्षरांतून आला, कारण मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेल्या 'ऑल करेक्ट'ची ती आद्याक्षरे 23 मार्च 1839 च्या बोस्टनच्या वृत्तपत्रात 'ऑल करेक्ट' या अर्थासह छापलेली सापडतात. 'पॉश'साठी मी मागतो तो याच जातीचा पुरावा.

मग 'पॉश' आला कुठून? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरट्या बोलीत 'पॉश' म्हणजे किरकोळ नाणे, अर्धी पेनी. 1890 च्या सुमारास त्याच बोलीच्या एका कोशात 'छानछोकी करणारा' असाही अर्थ नोंदला आहे. नाण्याच्या अर्थामागे रोमानी भाषेतला 'अर्धा' या अर्थाचा शब्द असावा. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा. तिच्या या शब्दाचे मूळ संस्कृत 'पार्श्व'मध्ये दाखवतात आणि आपल्या 'पाशी'चेही तिथेच. हा धागा मला मोलाचा वाटतो, पण नाण्यापासून छानछोकीपर्यंतचा दुवा पक्का नाही. म्हणून कोशकार 'व्युत्पत्ती अनिश्चित' असे लिहितात आणि तेच योग्य आहे. शिक्षकांनी आणि लेखकांनीही तेवढेच सांगावे. श्रीमंतीची खूण बनलेला शब्द हिणवल्या गेलेल्या लोकांच्या बोलीतून वर आला असण्याची शक्यता खोट्या तिकिटाखाली गाडली जाते, हे मला सर्वांत गैर वाटते.